निर्धूर चुलीची निवड

नवेगाव-नागझिऱ्याच्या अरण्यालगतच्या गोंदिया जिल्ह्यातील गावांत पौष-माघाची थंडी पडली, म्हणजे चूल ही केवळ रांधण्याची जागा न राहता आंघोळीच्या पाण्याची आणि शेकण्याचीही सोय होते. आणि घरी गॅस आला असला तरी अनेक कुटुंबांत ती पेटतेच, म्हणून तिची निवड विचारपूर्वक व्हावयास हवी.

केंद्र सरकारने 1983 साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, त्यामागील कारण उघड होते: तीन दगडांच्या उघड्या चुलीत सरपणातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्यास पोचतो, आणि धूर मात्र गृहिणीच्या व लेकरांच्या फुप्फुसांत शिरतो.

चूल निवडताना प्रथम तळाशी लोखंडी जाळी आहे ना, हे पाहावे; जाळीखालून हवा खेळली की जाळ स्वच्छ धरतो आणि राख खाली गळते. मुख्य तोंडावर भांडे नीट बसावे, उरलेला जाळ वैलाकडे, म्हणजे शेजारच्या दुसऱ्या तोंडाकडे, जावा, आणि तेथून धूर नळावाटे कवेलूंच्या वर निघावा. मात्र तापलेला नळ लाकडी वाशांना भिडणार नाही, अशी तजवीज अवश्य करावी. नळातील काजळी दरमहा झाडावी आणि सरपण पावसाळ्यापूर्वीच फोडून आडोशाला रचावे, कारण ओल्या लाकडापुढे उत्तमोत्तम चूलही हतबल ठरते.

अशा चुलीमुळे सरपण कमी लागले, तर मोळीसाठी वाघ-अस्वलांच्या रानात जाणाऱ्या आयाबहिणींच्या खेपा घटतील. हा लाभ कोणत्याही खर्चाहून मोठा आहे.