मुलांचे भय आणि पालकांचे वर्तन



३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. असे तांडव पाहिलेले मूल पुढे साध्या वाऱ्यानेही आईला बिलगते. माउली दारे-खिडक्या लावून घेते. भय तात्पुरते शमते, परंतु पळ काढण्यानेच सुटका होते हा धडा पक्का होतो.

वर्तनोपचाराची वाट उलटी आहे. सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या बालकाचा वृत्तांत मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली प्रसिद्ध केला. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा हळूहळू जवळ आणला जाई. अखेर पीटर त्यास कुरवाळू लागला. तद्वत प्रथम खिडकीची फट, मग ओटी, मग अंगण. प्रत्येक पायरीस कौतुकाचा शब्द. (चारचौघांत ‘भित्रा’ म्हणणे ही घरोघरची खोड!) झोप-जेवण उडाल्यास तज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. खरे वादळ आल्यास मात्र दार लावावेच.