कपडा जुना झाल्यावर



शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते, प्लास्टरची तशीच राहते, हे पेण, हमरापूर, जोहे इकडच्या पोराटोरांनाही सांगावे लागत नाही. अंगावरच्या कपड्याला मात्र ही कसोटी आपण लावत नाही.

पूर्वी लुगडं विटलं की त्यातून बाळाची दुपटी निघत, उरल्याची गोधडी होई. गोधडी विरली की चुलीपुढचं फडकं, आणि शेवटी चिंध्या मातीत. कारण ते सूत होतं. आता लग्नसराईत रोह्या-पेणच्या बाजारातून घरी येणारा झुळझुळीत, चकचकीत कपडा बहुधा पॉलिस्टरचा असतो. पॉलिस्टर म्हणजे खनिज तेलापासून काढलेला धागा. तो काही परका नव्हे. आपल्याच जिल्ह्यात पाताळगंगेकाठी रिलायन्सचा त्याचा कारखाना १९८२ साली सुरू झाला. हा धागा मातीत वर्षानुवर्षे कुजत नाही, आणि धुताना सुटलेले त्याचे बारीक तंतू ओढ्याखाडीतून समुद्रात जातात.

तेव्हा सगळ्यांनी सुतीच वापरावे, असं मी म्हणणार का? नाही. आपल्या पावसाळ्यात सुती कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. लावणीला जाणाऱ्या बाईच्या पॉलिस्टर साडीला नावे ठेवणाऱ्याने आधी आषाढात चार लुगडी वाळवून दाखवावीत! शिवाय कापसाला पाणी लागते, फवारणी लागते. विनोबा १८९५ साली पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मले, जन्मभर खादीचा पुरस्कार करत राहिले. पण आज खादी महाग पडते, हेही खरं.

मग सोपा उपाय उरतो तो कमी घेण्याचा आणि घेतलेलं पुष्कळ वापरण्याचा. शिक्षक बंधुभगिनींनो, इथे तुमचा शब्द चालतो. स्नेहसंमेलनातल्या कोळीनृत्याला चमकीचा पोषाख विकत आणा, असं सांगितलं की मजुरी करणाऱ्या आईचे पैसे एका संध्याकाळपुरते खर्ची पडतात. आजीचं लुगडं काय वाईट दिसेल? खरी कोळीण तेच तर नेसत आली.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा, तो मात्र शिक्षकांनी स्वतः. कपड्याच्या कडेचा एक दोरा चिमट्यात धरून मेणबत्तीवर न्यावा. सूत असेल तर जळत्या कागदाचा वास येतो, मऊ राख उरते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा थोड्याथोड्या दिसतात. ती गोळी निवेपर्यंत मुलांना हात लावू देऊ नये, चटका बसतो.