बुडवलेला खेळाचा तास

(१९८९च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक कबुली देते. आपल्या खेळाच्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, आठवी ते दहावी या तीन वर्षांत मी तुम्हाला ज्या चिठ्ठ्या आणून दिल्या, ‘पोटात दुखत असल्यामुळे खेळाच्या तासातून सूट मिळावी’ अशा, त्यांतल्या निम्म्या मी स्वतःच लिहिलेल्या होत्या. बाबांची सही मला छान जमायची. मैदानाला चार फेऱ्या मारायच्या म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा, तेवढं मात्र खरं होतं. ग्रंथालयाच्या पायरीवर बसून मी तो तास काढायची.

म्हणून संयोजकांनी जेव्हा मला ‘तू तुझ्या ड्युएथलॉनबद्दल बोल’ असं सांगितलं, तेव्हा मीच पहिल्यांदा हसले. आपल्या वर्गात जिल्हा पातळीवर खो-खो खेळलेल्या मुली आहेत, धावण्यात ढाली आणलेली मुलं आहेत. बोलायचं त्यांनी. पण मग वाटलं, ज्याला कधीच काही जमलं नाही त्याचं ऐकणं कदाचित जास्त लोकांच्या उपयोगाचं असेल.

आधी ड्युएथलॉन म्हणजे काय ते सांगते, कारण गेल्या वर्षभरात मला ‘डेकॅथलॉन’पासून ‘डायलिसिस’पर्यंत सगळं विचारून झालंय. आधी पळायचं, मग सायकल चालवायची, मग पुन्हा पळायचं. मध्ये थांबायचं नाही, घड्याळ चालूच राहतं. ट्रायथलॉनमध्ये पोहणं असतं, इथे नसतं. मला पोहता येत नाही, त्यामुळे निवड सोपी होती. यातला छोटा प्रकार म्हणजे स्प्रिंट : ५ किलोमीटर पळणं, २० किलोमीटर सायकल आणि शेवटी अडीच किलोमीटर पळणं. मोठ्यांची गोष्ट वेगळी. स्वित्झर्लंडमधल्या झोफिंगेन गावात पॉवरमन नावाची लांब पल्ल्याची ड्युएथलॉन होते, त्यात दीडशे किलोमीटर सायकल चालवून झाल्यावर तीस किलोमीटर पळतात. ती स्पर्धा पहिल्यांदा झाली १९८९ साली. म्हणजे आपण दहावीचे पेपर दिले त्याच वर्षी. तेव्हा मी अर्थातच ग्रंथालयाच्या पायरीवर होते.

आता खरं कारण सांगते. माझ्या आईला वीस वर्षं मधुमेह होता. शेवटच्या काही वर्षांत तिच्या पायांची संवेदना गेली होती. चपलेत खडा गेला, तो दिवसभर टोचत राहिला आणि तिला कळलंच नाही. त्या जखमेपायी उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. ड्रेसिंग मी करायची. २०१८ साली आई गेली. तेव्हा मी स्वतःला बजावलं होतं की आपण काळजी घ्यायची. आणि मग काय केलं? काही नाही. बँकेतली खुर्ची, दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, मार्चअखेरची धावपळ, घरी आल्यावर ओटा आणि टीव्ही.

फेब्रुवारी २०२४मध्ये बँकेच्या आरोग्य तपासणीचा रिपोर्ट आला. वजन ७८ किलो. रक्तदाब १४२/९०. आणि एचबीएवनसी ६.३. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवते. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ला आपण उंबरठ्याच्या आत. डॉक्टर म्हणाले, “सहा-आठ महिने देतो. वजन कमी करा, रोज व्यायाम करा. नाहीतर गोळी सुरू.” त्या रात्री मी कितीतरी वेळ माझ्या उजव्या पायाचा अंगठा बघत बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून चालायला लागले. पंधरा दिवस चालले आणि बंद पडले. तुम्हा सगळ्यांना हे अनुभवाने माहीत आहे. जानेवारीत घेतलेले बूट फेब्रुवारीत माळ्यावर जातात. तेव्हा माझी मुलगी म्हणाली, “आई, तू आयुष्यभर फक्त परीक्षेच्या तारखेला घाबरून अभ्यास केलायस. तुला तारीखच लागते.” आणि तिने डिसेंबरातल्या एका स्प्रिंट ड्युएथलॉनचा फॉर्म भरून टाकला. पैसे माझ्या खात्यातून.

मी आधी डॉक्टरांकडे गेले. पन्नाशीनंतर हे करणाऱ्याने आधी तपासून घ्यावं, यात धाडस दाखवू नये. त्यांनी ट्रेडमिलवरची चाचणी केली, इसीजी काढला आणि म्हणाले, “करा, पण हळू.” हा ‘हळू’ शब्द मी विसरले, त्याचं फळ पुढे सांगते.

एप्रिलमध्ये सुरुवात केली. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं वीस मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. पळणं आणि चालणं असं मुद्दाम मिसळण्याची ही पद्धत जेफ गॅलोवे या अमेरिकन ऑलिंपिक धावपटूने लोकप्रिय केली. ते एक मिनिट मला एका तिमाहीएवढं वाटायचं. पहाटे साडेपाचला अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर जायची. अंधार असायचा म्हणून बरं. कारण मला पळण्यापेक्षा लोकांची भीती जास्त वाटत होती. पंजाबी ड्रेस, पायांत बूट, एक्कावन्न वर्षांची बाई धापा टाकत पळतेय. पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी काळजीने विचारलं, “ताई, काही झालंय का? कुत्रं मागे लागलंय का?”

मग सायकल. मैत्रिणींनो, आपण सगळ्या शाळेत सायकलने यायचो. लग्न झालं आणि सायकल सुटली. कुणी बंदी घातली नव्हती, पण सुटली. सव्वीस-सत्तावीस वर्षांनी मी सायकलच्या दुकानात गेले. दुकान आपल्याच वर्गातल्या मित्राचं. गंमत बघा, शाळेत एकाच वर्गात असून आम्ही एकमेकांशी एक वाक्य बोललो नव्हतो. तेव्हा मुलगे-मुली बोलायचेच नाहीत. त्याने महागडी सायकल गळ्यात मारली नाही. साधी गिअरची हायब्रीड दिली आणि म्हणाला, “टाच पेडलवर ठेव. पेडल तळाला गेलं की पाय सरळ व्हायला हवा. तेवढी सीट वर घे, नाहीतर गुडघे जातील.” दुसरं सांगितलं, जड गिअर लावून ताकद लावायची नाही. हलका गिअर ठेवायचा आणि पाय भराभर फिरवायचे, मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेऱ्या. या दोन वाक्यांनी माझे गुडघे वाचवले. तो मागे बसलाय आणि लाजतोय, पण त्याच्यासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत.

(टाळ्या)

जूनमध्ये मला वाटायला लागलं की आपण आता खेळाडू झालो. तीन दिवसांऐवजी पाच दिवस पळायला लागले, यवतेश्वरच्या घाटात चढावर पळून बघितलं. दम लागत नव्हता ना! आठ दिवसांत दोन्ही नडग्या अशा ठणकायला लागल्या की बँकेचा जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. फिजिओथेरपिस्टने समजावलं ते नीट ऐका. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात, हाडं आणि स्नायूबंध मात्र सावकाश होतात. दम टिकायला लागला म्हणून आपण जोर वाढवतो आणि पाय मागे राहिलेले असतात. तीन आठवडे पळणं बंद. त्या काळात पाऊस उघडेल तेव्हा सायकल, कारण तिच्यात पायावर आदळआपट नसते. आणि घरी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, टाचा वर उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत मी टाचा उचलायची. तिसऱ्या शिट्टीला पोटऱ्या भरून यायच्या.

त्या तीन आठवड्यांत मी सोडून देणार होते. ‘या वयात काय गरज आहे’ असं म्हणणारे घरात आणि बाहेर होतेच. सासूबाईंनी मात्र अनपेक्षितपणे बाजू घेतली. म्हणाल्या, “फॉर्मचे पैसे भरलेत ना? मग जा.” आणि ह्यांनी डब्याची जबाबदारी घेतली. पहिल्या महिन्यात डब्यात काय असायचं याबद्दल मी इथे बोलणार नाही.

खाण्याचं थोडक्यात सांगते. उपास केला नाही. भाकरी सोडली नाही. चार चहांचा एक केला. ताटात उसळ, डाळ, दही, अंडं वाढवलं, भात कमी केला. लांब सायकलच्या दिवशी खिशात केळं आणि शेंगदाण्याचा लाडू.

ऑगस्टअखेर तीन किलोमीटर न थांबता पळाले आणि ऑक्टोबरमध्ये पाच. वेगाचा एकच नियम ठेवला : पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दर रविवारी कोरेगाव रस्त्याने माहुलीच्या पुढे जाऊन परत सायकल. आणि सायकलवरून उतरल्या उतरल्या लगेच दहा मिनिटं पळायचं. या सरावाला ‘ब्रिक’ म्हणतात. ब्रिक म्हणजे वीट. नाव कुठून आलं ते असो, पहिल्या पाचशे मीटरला पाय खरोखर विटा बांधल्यासारखे वाटतात. तासभर गोल फिरण्याची सवय लागलेले पाय एकदम जमिनीवर आदळायचे असतात. ते होणारच आहे हे आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही.

स्पर्धेचा दिवस. माझ्या आजूबाजूला सगळी तिशीतली पोरं, सायकली अशा की उचलल्या तर हवेत जातील. पहिले पाच किलोमीटर मी ४२ मिनिटांत संपवले. मग सायकल ठेवलेल्या जागी यायचं. तिथे कडक नियम असतो : आधी हेल्मेट घालून बक्कल लावायचं, मगच सायकलला हात. आणि आखलेल्या रेषेपर्यंत सायकल हातात धरून न्यायची, रेषेपलीकडेच बसायचं. मी हे पाठ केलं होतं. अगदी सनावळ्या पाठ केल्यासारखं. वीस किलोमीटर ६२ मिनिटांत झाले, एकदाही उतरले नाही. परत आले, सायकल लावली आणि शेवटचे अडीच किलोमीटर पळायला निघाले. लोक हसत होते, हात हलवत होते. मला वाटलं, काय प्रेमळ माणसं आहेत! अर्धा किलोमीटर गेल्यावर एक स्वयंसेवक मुलगा म्हणाला, “मावशी, हेल्मेट काढा की!” सगळं पाठांतर हेल्मेट घालण्याचं होतं, काढण्याचं केलंच नव्हतं.

ते हेल्मेट काखेत धरून मी पुढचे दोन किलोमीटर पळाले. शेवटी पाय उचलत नव्हते. तेव्हा मला आई आठवली. तिच्या पायाला टोचलेला खडा तिला कळला नव्हता. मला माझ्या बुटातला प्रत्येक खडा कळत होता, आणि त्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता. एकूण वेळ २ तास १४ मिनिटं. माझ्यामागे दोन जण होते. सासूबाईंनी घरी आल्यावर औक्षण केलं आणि कंदी पेढा पुढे केला. अर्धा खाल्ला.

आता निकाल. या महिन्यातला रिपोर्ट : वजन ७०, रक्तदाब १२८/८२, एचबीएवनसी ५.९. डॉक्टर म्हणाले, “गोळी सध्या नको.” त्यातला ‘सध्या’ शब्द मी ऐकला आहे. उंबरठ्यावरच आहे अजून, फक्त दोन पावलं अंगणात सरकले. प्रत्येकाला हेच आकडे मिळतील असंही नाही. ज्यांच्या गोळ्या सुरू आहेत त्यांनी त्या माझं ऐकून बंद करू नका.

सांगायचं एवढंच. आधी डॉक्टर गाठा. मग एखादी तारीख पकडा, ड्युएथलॉनच हवी असं नाही, अजिंक्यतारा चढण्याची तारीख पकडली तरी चालेल. हळू वाढवा. विश्रांतीचा दिवस चुकवू नका. आणि एकटे पळू नका. आपल्या ग्रुपवर दिवसाला चाळीस ‘शुभ सकाळ’ येतात. त्यांतल्या चार जणांनी जरी रविवारी सकाळी सहाला पोवई नाक्यावर प्रत्यक्ष शुभ सकाळ म्हणायचं ठरवलं, तर मी तिथे असेन. कालपासून तीन नावं आली आहेत. त्यांतलं एक नाव ज्याची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली त्याचं आहे, डॉक्टरांची परवानगी घेऊन. तो फक्त चालणार आहे. आम्ही त्याच्या वेगाने चालू.

आणि बाई, तीन वर्षांचे खेळाचे तास माझ्याकडे बाकी आहेत. हिशेब बँकवालीचा आहे, चुकणार नाही. हळूहळू फेडते आहे. तुम्ही रविवारी शिट्टी घेऊन याल का?