कार्यालयाचा दर्जा आणि आपली ऐपत

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात पुंगोल येथे दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेवर डॉक्टरचे नाव आणि त्यापुढे कार्यालयाच्या जागेचा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु दवाखाना चालविणाऱ्यालाही जागा भाड्याने घ्यावी लागते, करारावर सही करावी लागते, आणि रुग्ण आले नाहीत तरी महिनाअखेर भाडे चुकत नाही. अलीकडे आपल्यातील संगणक क्षेत्रातील तरुण, हिशेबनीस भगिनी आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरील काही ज्येष्ठ स्वतःचा व्यवसाय सुरू करण्याचा विचार बोलून दाखवू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांचा पहिला प्रश्न बहुधा 'कोणत्या इमारतीत?' असा असतो आणि 'किती खर्चाने, किती मुदतीसाठी?' हा प्रश्न मागाहून येतो. हा क्रम बदलावा, एवढ्यासाठी आजचे हे चार शब्द.

चांगल्या पत्त्याची ओढ आपल्याला इतरांपेक्षा अधिक का वाटते, हे आधी समजून घेतले पाहिजे. ज्यांच्या पूर्वजांचा पत्ता गावाने ठरविला, आणि तोही गावकुसाबाहेर, त्यांच्या मुलांना उंच इमारतीच्या पाटीवर आपले नाव पाहावेसे वाटले तर त्यात गैर काही नाही. १९१७ साली उच्च विद्या घेऊन बडोद्याला नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांना तेथे राहावयास जागा मिळाली नाही. त्यानंतर मुंबईत त्यांनी शेअर बाजारातील व्यवहारांबाबत सल्ला देणारी पेढी काढून पाहिली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. ती पेढी जागेच्या उणिवेमुळे बुडाली नाही, आणि अधिक भपकेबाज जागेने ती तरलीही नसती.

पुढे १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. बॅरिस्टर म्हणून बाबासाहेबांचे काम फोर्टातील उच्च न्यायालयात असे. पण गिरणी कामगारांना पायी येता यावे, मनातले बोलता यावे, अशी जागा परळलाच होती. आपले काम कोणासाठी आहे आणि तो माणूस आपल्यापर्यंत कसा पोहोचेल, या कसोटीवर जागा पारखावी, हे आम्ही त्या उदाहरणावरून घेतो.

आता 'ग्रेड' या शब्दाकडे वळू. कार्यालयांच्या इमारतींना ए, बी आणि सी अशी प्रतवारी लावण्याची रीत जगभर आहे. इमारत नवी, मोक्याच्या ठिकाणी, मोठ्या सलग मजल्यांची, भरपूर लिफ्टची, वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था असलेली आणि एकाच मातब्बर मालकाच्या देखरेखीखाली असली की ती ए ग्रेड. थोडी जुनी, पण नीट राखलेली ती बी. जुनी, लहान गाळ्यांची, सोयी बेताच्या असलेली ती सी. परंतु ही प्रतवारी कोणतेही सरकारी खाते देत नाही. मालमत्ता सल्लागार कंपन्या आपापल्या निकषांवर ती लावतात, त्यामुळे एकच इमारत एकाच्या यादीत ए, तर दुसऱ्याच्या यादीत बी असू शकते. सिंगापुरात २००५ पासून दिले जाणारे ग्रीन मार्क प्रमाणपत्र हे मात्र अधिकृत असते. ते इमारतीच्या पर्यावरणविषयक गुणवत्तेचे असते, ऐटीचे नव्हे.

येथील सरकारी रुग्णालयांत ए, बी-१, बी-२ आणि सी असे वॉर्ड असतात, हे आपण सर्व जाणता. ए वॉर्डात स्वतंत्र खोली मिळते, डॉक्टर निवडता येतो आणि सरकारी अनुदान मिळत नाही. सी वॉर्डात खोली अनेकांची असते आणि अनुदान भरपूर असते. पण न्यूमोनियावरील औषध दोन्हीकडे तेच असते. ए वॉर्डात रुग्ण लवकर बरा होतो, असे आम्हांला आमच्या व्यवसायात कधी आढळले नाही. कार्यालयाच्या ग्रेडचेही तसेच आहे.

आता आकडे पाहू. रॅफल्स प्लेस आणि मरीना बे या भागांतील ए ग्रेड जागेचे भाडे २०२४-२५ च्या सुमारास दर चौरस फुटाला दरमहा सुमारे १२ सिंगापूर डॉलर होते. हिशेबापुरती ५०० चौरस फूट जागा धरू. भाडे दरमहा ६,००० डॉलर. मालक जीएसटीसाठी नोंदलेला असल्यास त्यावर ९ टक्के, म्हणजे ५४० डॉलर. आपली वार्षिक उलाढाल दहा लाख डॉलरच्या आत असेल आणि आपण स्वतः जीएसटीची नोंदणी केली नसेल, तर हे ५४० डॉलर परत मिळत नाहीत. करार बहुधा तीन वर्षांचा असतो. ३६ महिन्यांचे एकूण २,३५,४४० डॉलर झाले. तीन महिन्यांच्या भाड्याइतकी, म्हणजे १८,००० डॉलरची अनामत पहिल्याच दिवशी द्यावी लागते. जीएसटी वगळता एकूण भाड्यावर ०.४ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ८६४ डॉलर, भाडेकरूने भरावयाचे. टेबल-खुर्च्या, विजेच्या जोडण्या आणि काचेची दालने यांचा खर्च यात धरलेलाच नाही. एवढी रक्कम म्हणजे पुष्कळशा घरांत मुलांच्या शिक्षणाची आणि गावाकडील आई-वडिलांच्या आजारपणाची तरतूद असते.

मग पुंगोलला राहणाऱ्या आपल्या माणसाने काय करावे? सर्वप्रथम परवान्याची खातरजमा करावी. एम्प्लॉयमेंट पास हा एका मालकाच्या नोकरीशी बांधलेला असतो. डिपेन्डन्ट पासवरील भगिनींसाठीचे नियम १ मे २०२१ पासून कडक झाले आहेत. मनुष्यबळ मंत्रालयाची अनुमती हाती आल्याखेरीज कोणत्याही भाडेकरारावर सही करू नये.

सल्ला, हिशेब, संगणक-लेखन अशी कामे घरातूनही सुरू करता येतात. २००३ पासून एचडीबीच्या घरात 'होम ऑफिस'ची योजना आहे. घरात न राहणाऱ्या जास्तीत जास्त दोन व्यक्तींना तेथे कामावर ठेवता येते. पाटी लावता येत नाही, शेजाऱ्यांना उपद्रव होता कामा नये, आणि काही व्यवसाय त्यातून वगळलेले आहेत. दवाखाना हा त्यांपैकीच एक. पहिल्या वर्षी, जेव्हा गिऱ्हाईक येईल की नाही हेच ठाऊक नसते, तेव्हा याहून स्वस्त जागा नाही. भेटीगाठींसाठी महिन्याच्या बोलीवर मिळणारी सामाईक कार्यालये आहेतच.

हात-पाय पसरण्याची वेळ आली की पुंगोलमध्येच दुसरा पर्याय उभा राहिला आहे. एके काळी डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या पालनासाठी ओळखले जाणारे हे गाव १९९६ च्या 'पुंगोल २१' योजनेनंतर नगर झाले. आता सुमारे ५० हेक्टरांवर जेटीसीने पुंगोल डिजिटल डिस्ट्रिक्ट उभारले आहे. सिंगापूर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे नवे संकुल २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्याला लागूनच सुरू झाले, आणि १० डिसेंबर २०२४ रोजी पुंगोल कोस्ट स्थानक उघडले. ओसीबीसी आणि यूओबी या बँकांनी आपल्या तंत्रज्ञान केंद्रांसाठी हीच जागा निवडली. मोठ्या बँका ज्या कामासाठी शहराच्या मध्यभागाचा आग्रह धरीत नाहीत, त्याच कामासाठी दोन माणसांच्या आपल्या कंपनीने तो का धरावा?

मात्र येथेही सावधगिरी हवी. उद्योगासाठी राखलेल्या जागेत सर्व व्यवसाय चालत नाहीत. बी-१ प्रकारच्या औद्योगिक इमारतीत निदान ६० टक्के क्षेत्र प्रत्यक्ष उद्योगासाठी वापरावे लागते, कार्यालयाला उरलेल्या भागातच स्थान मिळते. पुंगोल डिजिटल डिस्ट्रिक्टमध्ये नियम अधिक लवचीक ठेवले आहेत, तरी आपला व्यवसाय त्यांत बसतो काय, हे लेखी विचारून घ्यावे.

ज्यांचे गिऱ्हाईक बँका, विमा कंपन्या वा मोठ्या कायदेविषयक पेढ्या आहेत, ज्यांच्याकडे ती माणसे दररोज येतात, त्यांनी ए ग्रेड जागा जरूर घ्यावी. तेथे भाडे हा व्यवसायाचाच खर्च आहे. न्यूनगंडापोटी अंधाऱ्या गाळ्यात बसणे आणि मोठेपणासाठी पन्नासावा मजला गाठणे, दोन्ही टाळावे.

सहीपूर्वी करारातील चार गोष्टी अवश्य वाचाव्यात. मुदत संपताना जागा मूळ स्थितीत परत देण्याची अट असते, त्यामुळे आपण बांधलेली दालने आपल्याच खर्चाने पाडावी लागतात. मध्येच सोडावयाचे झाल्यास मुभा आहे काय, ते पाहावे. मध्यवर्ती वातानुकूलन अनेक इमारतींत सायंकाळी सहाला बंद होते, पुढील तासांचे पैसे वेगळे पडतात. सिंगापुरात सहा वाजतात तेव्हा पुण्यात साडेतीन झालेले असतात, म्हणून भारतातील गिऱ्हाइकांशी काम करणाऱ्यांनी हा खर्च आधी मोजावा. चौथी गोष्ट वैयक्तिक हमीची. कंपनीच्या कराराला आपण स्वतः हमी दिली, तर कंपनी बुडाल्यावर मालक आपल्या बचतीकडे वळतो. ही हमी टाळता येत नसेल, तर तिची कमाल रक्कम निश्चित करून घ्यावी.

भगवान बुद्धांनी सिगाल नामक गृहस्थ-पुत्राला मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले. एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि एक आपत्काळासाठी राखावा, असा तो उपदेश आहे. जागेचे भाडे उद्योगाच्या दोन भागांतूनच जावे. ते चौथ्या भागाला हात घालू लागले, की जागा आपल्या ऐपतीबाहेरची आहे असे समजावे. आमची साधी कसोटी अशी की एकही नवे काम न मिळता सहा महिने भाडे देता येत असेल, तरच सही करावी.

आपल्यातील जे हिशेबनीस आणि वकील आहेत, त्यांनी नव्याने व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांचे भाडेकरार सहीपूर्वी वाचून द्यावेत, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. एक संध्याकाळ खर्ची पडेल, पण एखाद्या कुटुंबाची वीस वर्षांची शिल्लक वाचेल.

जय भीम!