धडक आणि थोडेसे अंतर

परांचीवर चाललेले काम तुम्ही पाहिले असेलच. वरचा गडी वीट सोडतो, खालचा ती झेलतो, आणि झेलता झेलता हात विटेबरोबर खाली नेतो. हात ताठ धरले तर तळवे सोलून निघतील! पदार्थविज्ञानाचे म्हणणेही तेच : वेग जितक्या जास्त अंतरात जिरवाल, तितका आघात कमी.

आता मोटार घ्या. ताशी ६० किलोमीटर. हा काय मोठा वेग, असं तुम्ही म्हणाल. पण सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार-पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून पडणारा माणूस जमिनीला टेकतो तो याच वेगाने. वेग निम्मा केला, तर ही उंची निम्मी होत नाही, पाव होते, साडेतीन मीटर. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते ती अशी.

ही गाडी भिंतीवर आदळली आणि तिचे नाक अर्धा मीटर चेपले, तर पट्ट्याने बांधलेल्या माणसालाही थांबायला निदान तेवढे अंतर मिळते. त्याच्यावर वजनाच्या सुमारे २८ पट जोर येतो. न बांधलेला माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जातो आणि समोरच्या फळीवर पाच सेंटिमीटरांत थांबतो. जोर दसपट, २८० पट!

हल्लीच्या गाड्यांचे पत्रे म्हणजे नुसते पापड, अशी तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. अहो, पुढचा भाग चुरगळावा म्हणूनच तो तसा करतात. माणसे बसतात तो पिंजरा तेवढा कणखर ठेवायचा. ही कल्पना बेला बारेनी या अभियंत्याची. १९५९ साली ती मर्सिडीज गाड्यांत उतरली, आणि त्याच वर्षी व्हॉल्वोच्या निल्स बोलिन यांचा तीन टोकांचा पट्टा आला. बांधलेले शरीर किती सोसू शकते, हे अमेरिकेच्या हवाईदलातील डॉक्टर जॉन स्टॅप यांनी १९५४ सालीच स्वतःवर अजमावले होते. अग्निबाणाच्या गाड्यावर ताशी हजार किलोमीटरांचा वेग, आणि दीड सेकंदाच्या आत पूर्ण थांबा. वजनाच्या ४६ पट जोर सोसून ते जगले.

आणि आईच्या मांडीवरचे मूल? पुढच्या आसनावर हे दृश्य अजून रोज दिसतं. दहा किलोचे मूल त्या धडकेत धरून ठेवायचे, तर हातांना २८० किलो वजन पेलावे लागेल. धान्याची जवळजवळ तीन पोती, आणि तीही डोळ्याचे पाते लवायच्या आत. कोणाचे हात पुरणार? दोघांना एकाच पट्ट्यात बांधणे तर आणखी वाईट, कारण आईचा सगळा भार मुलावर येतो. त्याला मागच्या आसनावर स्वतःची, पक्की बांधलेली खुर्ची हवी. अगदी तान्ह्याची खुर्ची उलट्या तोंडाची, गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून ठेवतात. तान्ह्याचे डोके जड आणि मान कोवळी. असे बसवले म्हणजे आघात मानेवर न येता सबंध पाठीवर पसरतो.