हेल्मेट डोक्यावर राहावे म्हणून

शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी जरा उभे राहून पाहा. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यांकडे निघालेले कामगार, दूध घालायला चाललेले शेतकरी, शाळेची वेळ गाठणारे शिक्षक, सगळे मोटारसायकलवर. हेल्मेटही पुष्कळांजवळ असते. पण कुठे? कोपरात, आरशाला, नाही तर टाकीवर! विचारले की उत्तर ठरलेले : “सर, डोकं भणभणतं हो.”

ही तक्रार मी खोटी मानत नाही. बहुधा ते हेल्मेट मापाचे नसते. चप्पल घेताना आपण चार पावले चालून बघतो. हेल्मेट मात्र रंग पाहून घेतो.

१९३५ साली लॉरेन्स ऑफ अरेबिया मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून गेला. त्याला तपासणाऱ्यांत केर्न्स नावाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांनी पुढे हाच विषय धरला आणि १९४१ साली, शिरस्त्राणाने मोटारसायकलस्वारांचे प्राण कसे वाचतात, हे दाखवून दिले. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ते सक्तीचे आहे, मागे बसणाऱ्यालासुद्धा. पण दंडाच्या भीतीने घेतलेले हेल्मेट चौकापुरतेच डोक्यावर राहते.

आता उघड्या तोंडाच्या हेल्मेटाविषयी. आपल्या उन्हात ते बरे वाटते, चष्मा घालता येतो, वाटेत कोणी भेटले तर बोलता येते. मात्र हनुवटी आणि जबडा त्यात उघडा राहतो, हे लपवण्यात अर्थ नाही. रोज नगर रस्त्याने किंवा सोलापूर रस्त्याने लांब जाणाऱ्याने पूर्ण तोंड झाकणारेच घ्यावे, असे मी म्हणेन. आणि नुसती वाटीसारखी टोपी, कान आणि मागचे डोके न झाकणारी, ती घेऊच नये.

घेताना शिंप्याची टेप न्या. भुवयांच्या बोटभर वरून आणि मागच्या फुगीर भागावरून घेर मोजा. ५८ सेंटिमीटर भरला, तर आत ५८० मिलिमीटर लिहिलेले शोधा. आयएसआयची खूण पाहा. नवे असताना गालांना थोडे घट्टच लागले पाहिजे. आतले अस्तर पुढे दबते. मग दहा मिनिटे घालून बसा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल वळ उठला, तर आकार तुमच्या डोक्याचा नाही. कोणाचे डोके लांबट, कोणाचे गोल! शेवटी पट्टा लावून मागची कड वर, पुढच्या बाजूला ढकला. सुटून आले तर ते परत ठेवा. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, जास्त नकोत.

शिक्षिका भगिनींची अडचण वेगळी. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, वर उचलले जाते. त्यांनी मानेपाशी सैल वेणी घालून मगच माप पाहावे.

घाम येतोच. आत पातळ सुती फडके बांधा, पण टोपी किंवा जाड पागोटे नको. अस्तर सौम्य साबणाने धुवा. पेट्रोलने पुसू नका, आतला थर्मोकोल खराब होतो. अपघातात तोच थर्मोकोल चेपून मार झेलतो, म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बाद समजावे. बुजगावण्याला घालायला हरकत नाही.

आणि काच पांढरीच घ्या. ऊसतोडीच्या दिवसांत रात्री मागे दिवा नसलेली ट्रॉली पुढे असते. काळ्या काचेतून ती दिसत नाही.