संस्था आपली, नोकरी कोणाची?

(मासिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी गाळली आहे. – संपादक)



मी काही वक्ता नाही. बी. कॉम. होऊन बँकेत कारकुनी करतो, दिवसभर काउंटरवर असतो. संध्याकाळी मात्र गेली सहा वर्षे एका सेवाभावी संस्थेचा मानद खजिनदार आहे. संस्थेचे नाव सांगत नाही. आज जे सांगणार आहे त्यात संस्थेइतकाच मीही दोषी आहे, आणि ऐकता ऐकता तुम्हाला तुमची स्वतःची संस्था आठवली तर तिचेही नाव घेण्याची गरज नाही.

दोन वर्षांपूर्वी मार्चअखेरीस पगारपत्रक तपासत होतो. आमच्या वाचनालयात दोन माणसे आहेत. सकाळी एक बाई आणि संध्याकाळी एक गृहस्थ. दोघांचे काम एकच: पुस्तकांची देवघेव, नोंदवही, वर्गणीची पावती, शेवटी कुलूप. तास सारखे. नोकरीची वर्षे म्हणाल तर बाईंची दोन अधिक. आणि पगार बाईंचा ३,५०० रुपयांनी कमी. गंमत अशी की त्या पत्रकावर तीन वर्षे दरमहा माझीच सही होती. बेरीज बरोबर आहे की नाही एवढेच मी पाहत आलो होतो.

कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांना विचारले. ते म्हणाले, "अरे, बाईंचे यजमान कमावते आहेत. त्यांना वेळ घालवायला काम हवे होते. ह्यांच्यावर घर आहे." बोलणे प्रेमाचे होते, त्यात दुष्टावा मुळीच नव्हता. पण माझ्या शेजारच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईंना आणि मला एकाच वेतनश्रेणीत पगार मिळतो. त्यांचे यजमान काय करतात हे बँकेने कधी विचारलेले मला ठाऊक नाही.

आपल्याकडे एक समजूत फार पक्की आहे. सरकारी नोकरीला नियम असतात, सेवाभावी संस्थेला कसले? अर्धे खरे आहे. राज्यघटनेचे सोळावे कलम सरकारी नोकरीतल्या समान संधीचे आहे, ते खासगी मंडळाला थेट लागू होत नाही. पण आपण काही कायद्याच्या बाहेर नाही. आपल्या जुन्या संस्था निजामाच्या काळच्या १३५० फसलीच्या कायद्याखाली नोंदल्या गेल्या, पुढे २००१ चा सोसायटी नोंदणी कायदा आला. संस्था पगार देऊ लागली की ती मालक झाली. समान वेतनाचा कायदा १९७६ चा. त्यातील तरतुदी आता वेतन संहितेत आल्या आहेत आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. सारख्या कामाला स्त्री-पुरुष भेद करून पगार देता येत नाही, नोकरीवर घेतानाही तो भेद करता येत नाही.

"पण संस्थेकडे पैसा कुठे आहे?" हा पुढचा प्रश्न मलाही विचारला गेला. याला उत्तर मुंबईच्या एका स्टेनोग्राफर बाईंनी मिळवून ठेवले आहे. ऑड्रे डिकॉस्टा त्यांचे नाव. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार मिळतो म्हणून त्या भांडल्या. कंपनीने आर्थिक ओढाताण पुढे केली. संघटनेशी करार झाला आहे, असेही सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दोन्ही कारणे फेटाळली. समान वेतन द्यायचे की नाही हे मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही, असा तो निकाल. मग आमच्याकडे एकाने तोडगा काढला, "ठीक आहे, त्या गृहस्थांचा पगार कमी करू." कायदा करणाऱ्यांनी हाही तोडगा आधीच ओळखला होता. बरोबरी साधण्यासाठी कोणाचाही पगार खाली आणता येत नाही!

पगाराचे निदान कागदावर दिसते. नोकरी मिळते कशी, ते कागदावर येतच नाही.

आपल्याकडे जागा रिकामी झाली की जाहिरात निघत नाही. कोणीतरी कोणाला तरी फोन करते. उमेदवार आला की चहा येतो आणि तीन प्रश्न येतात: आडनाव काय, मूळ गाव कोणते, इथे कोणाकडचे? पात्रतेचा प्रश्न चौथा, आणि पुष्कळदा तिसऱ्यावरच मुलाखत संपते. अशाच एका बैठकीत मी हजर होतो. परभणीकडचा एक मुलगा आला होता, ग्रंथालयाचा अभ्यासक्रम केलेला, मराठी स्वच्छ, तेलुगूही येत होती. आडनाव सांगितले तसा खोलीतला आवाज बदलला. "बरं, कळवतो" असे त्याला सांगितले. काहीही कळवले नाही. पुढच्या महिन्यात एका सदस्याचा भाचा कामावर आला. त्या दिवशी मी गप्प बसलो. तो मुलगा जिना उतरून जाताना मला दिसला होता, हे सांगितल्याशिवाय मला पुढे बोलता येणार नाही.

मंडळी, "तू कोणाकडचा?" या प्रश्नाचा चटका हैदराबादच्या मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. आपल्या घरातल्या जुन्या पेट्यांत आजही मुल्की दाखले सापडतील. १९१९ च्या फर्मानाने नोकरी मुल्कीला, म्हणजे इथे जन्मलेल्याला किंवा पंधरा वर्षे राहिलेल्याला, असे ठरले. बाहेरून आणलेल्या माणसांनी मोठ्या जागा भरल्या जात होत्या, तेव्हा त्या नियमामागे न्याय होता हे मी मान्य करतो. पण नियम आला तसे खोटे दाखलेही आले. सप्टेंबर १९५२ मध्ये गैरमुल्कींच्या विरोधात आंदोलन पेटले आणि सिटी कॉलेजपाशी गोळीबार झाला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने मुल्की नियम वैध ठरवले आणि पुढच्याच वर्षी संसदेने ते रद्द केले. दाखला काढायला कचेरीत चकरा मारणारे आपलेच आजोबा होते. त्यांची नातवंडे आज चहाच्या कपावर दाखला मागतात, फक्त त्यावर शिक्का नसतो.

आता एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. संस्था मराठी माणसांनी मराठीसाठी काढली, मग मराठी माणूस घेतला तर काय बिघडले? १९०७ साली विवेकवर्धिनी उभी राहिली ती इथे मराठीतून शिकायची सोय नव्हती म्हणूनच. घटनेच्या तिसाव्या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवायचा हक्क दिला आहे. २०१० साली दिल्लीच्या एका सिंधी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तर असेही म्हटले की अनुदानित असली तरी भाषिक अल्पसंख्याक शाळेवर शिक्षकभरतीतले आरक्षण लादता येणार नाही. म्हणजे मोकळीक आहे, आणि मोठी आहे. माझे म्हणणे इतकेच, की जी मोकळीक भाषेसाठी मिळाली ती आपण आडनावासाठी वापरतो. मराठी वाचनालयात मराठी वाचता आलेच पाहिजे, ही अट कामाची आहे. ती परभणीचा मुलगा पुरी करत होता. रखवालदाराला मराठी आलीच पाहिजे, ही अट मला पटत नाही. आणि स्वयंपाकीणबाईंची जात विचारणे, ते तर कुठल्याच कलमात बसत नाही. यावर काही घरांत माझ्याशी बोलणे बंद झाले आहे. असो.

आणखी एक गोष्ट थोडक्यात, कारण गणेशोत्सवाची तयारी सुरू होते तेव्हा ती विसरली जाते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा संस्था, न्यास, सोसायटी यांची नावे घेऊन त्यांना लागू केलेला आहे. त्यात 'कर्मचारी' म्हणजे पगार घेणारेच नव्हेत, स्वेच्छेने काम करणारेही आले. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष स्त्री, निम्म्या सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरची. आमच्याकडे पगारी सातच, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. उत्सवात राबणाऱ्या मुली कोणी मोजल्याच नव्हत्या. दहाहून कमी असतील तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, एवढे तरी त्या मुलींना सांगून ठेवा. सूचनाफलकावर एक कागद लावायला पाच रुपये लागत नाहीत.

बँकेतली भरती निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. पण तिथे लेखी परीक्षा होते, गुण जाहीर होतात, माझ्या शाखेत अंध सहकारी स्क्रीन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. आपल्याला एवढा पसारा नको. जागेची सूचना पंधरा दिवस आधी फलकावर आणि एका तेलुगू, एका उर्दू वर्तमानपत्रातही द्यावी. काम काय आणि त्यासाठी काय यायला हवे, ते मुलाखतीच्या आधी लिहून ठेवावे. मुलाखतीला संस्थेबाहेरचा एक माणूस बसवावा, आणि ज्याचा नातेवाईक उमेदवार असेल त्याने बाहेर जाऊन बसावे. नाकारलेल्याला दोन ओळींचे पत्र जावे. निवडणूक जवळ आली आहे, दोन्ही पॅनेलची मंडळी तुमच्या घरी येतील. सभागृहाच्या रंगकामाविषयी जरूर विचारा, पण पगारपत्रक दाखवता का, हेही विचारा.

आमच्या वाचनालयातल्या बाईंचा पगार मागच्या वर्षी एप्रिलपासून सारखा केला. कार्यकारिणीत सात विरुद्ध सहा मतांनी ठराव झाला. पहिला वाढीव पगार घेताना त्यांनी पावतीवर सही केली, पेन खाली ठेवले आणि मला विचारले, "भाऊ, आणि मागच्या वर्षांचे?" मी हिशेब काढला आहे. माझी सही आहे त्या तीन वर्षांचेच १,२६,००० रुपये होतात. तो विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेवर आहे, सहाव्या क्रमांकावर.